सुरत ते जळगाव, हवाई अंतर

त्या पानावर दोन ठिपके आहेत आणि त्यांना जोडणारी एक निळी, किंचित वाकलेली रेघ. एका ठिपक्यावर सुरत विमानतळ, दुसऱ्यावर जळगाव विमानतळ. खाली लिहिलंय: हवाई अंतर तीनशे किलोमीटरच्या आसपास, उड्डाणाचा वेळ साधारण एक तास. हे पान अजूनही उघडतं. मी अधूनमधून उघडून पाहतो आणि दर वेळी माझी कानशिलं तापतात. अंतर खरं आहे. वेळही बहुधा खराच असेल, कोणीतरी हिशोबाने काढला असेल. फक्त या दोन ठिपक्यांच्या मध्ये विमान उडत नाही, एवढंच त्या पानावर कुठे लिहिलेलं नाही.

ज्या रस्त्यावरून कोणी जाऊच शकत नाही, त्याची लांबी कशाला सांगता? कोणाला सांगता? मी हे इतक्यांदा मनातल्या मनात ओरडून विचारलं आहे की आता त्यातला जोर गेलाय. पण राग गेलेला नाही. आणि त्या रागात माझा स्वतःचा वाटा किती, हे लिहून काढल्याशिवाय तो जाणारही नाही, असं वाटतं.

मी सिल्वासातल्या एका धाग्याच्या कारखान्यात क्वालिटी सांभाळतो. गाव पारोळ्याजवळ. आमच्याकडची निम्मी पोरं सुरतेला, वापीला किंवा इकडे सिल्वासाला आली, तसाच मीही आलो. आलो तेव्हा मशीनवर होतो, आता माझ्या हाताखाली माणसं आहेत. सिल्वासातच, टोकरखाड्यात, स्वतःचं घर झालं. गावाकडे माझ्याविषयी बोलताना लोक ‘कंपनीत साहेब आहे’ म्हणतात. मी साहेब नाही, पण साहेब नाही असं मी कधी कोणाला सांगितलंही नाही. या गोष्टीचं मूळ तिथेच कुठेतरी आहे.

माझ्यापेक्षा मोठी एक बहीण आहे, तिकडेच पारोळ्याच्या बाजूला दिलेली. आमचे आईवडील गेल्यावर माहेर म्हणून तिला मीच उरलो. तिच्या मुलीचं लग्न ठरलं, बहिणीच्याच गावात, भर मे महिन्यातलं, दुपारी बाराचा मुहूर्त. आमच्या लग्नांत मामाचं काम काय असतं ते वाचणाऱ्याला ठाऊक असेलच, तरी सांगतो, कारण माझ्या मॅनेजरला ते ठाऊक नव्हतं. नवरी मंगलाष्टकांना उभी राहते ती मामाने आणलेली पिवळी साडी नेसून. भटजी माइकवरून ‘मुलीच्या मामाने मुलीला घेऊन यावं’ असं पुकारतात, मग मामा तिला हाताला धरून मांडवात आणतो आणि अक्षता पडेपर्यंत तिच्या पाठीशी उभा राहतो. बापाला त्या वेळी काही काम नसतं. तो पाहुण्यांत घाम पुसत फिरतो. मुलीच्या पाठीशी मामा असतो.

मी सुट्टी मागायला केबिनमध्ये गेलो. नेमक्या लग्नाच्याच आठवड्यात परदेशातल्या गिऱ्हाइकाची माणसं ऑडिटला यायची होती, शेवटचा दिवस लग्नाच्या आदल्या दिवशी.

“भानजी की शादी है सर. मैं मामा हूँ.”

“तो? शादी भानजी की है, तुम्हारी थोड़ी है,” मॅनेजर म्हणाले. समोर बसलेले दोघे हसले. मीही हसलो. आमच्यात मामाला काय मान असतो ते मी माझ्या मोडक्या हिंदीत सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि फोन हातात घेतला.

“कहाँ जाना है? जलगाँव ना? ये देखो. सूरत टू जलगाँव, वन अवर. ऑडिट खतम करो, दूसरे दिन सुबह उड़ जाओ. नाश्ता इधर, खाना उधर. टिकट ऑफिस करवाएगा. मामा प्लेन से उतरेगा तो शादी में रौनक आ जाएगी.”

फोन माझ्यासमोर धरला होता. दोन ठिपके, निळी रेघ. मी विचारायला हवं होतं, सर, ही फ्लाइट आहे का? किती वाजता सुटते? एवढा एक प्रश्न. रोज हाताखालच्या माणसाला मी तेच तर शिकवतो, बॉबिनवरचं लेबल वाचून थांबू नको, धागा ओढून बघ. मी धागा ओढून पाहिला नाही. मी म्हणालो, “ठीक है सर.”

का म्हणालो, तेही सांगतो. मी कधी विमानात बसलेलो नव्हतो. आमच्या अख्ख्या घराण्यात कोणी बसलेलं नव्हतं. केबिनच्या बाहेर पडताना माझी छाती फुगली होती. गेटबाहेर येऊन मी पहिला फोन बहिणीला लावला.

“विमान?” ती म्हणाली. “कोनाचं?”

“अगं, तिकीट कंपनी काढतेय. एक तास फक्त. लग्नाच्या दिवशी सकाळी जळगावात.”

“आन जळगावहून?”

“गाडी करीन.”

ती म्हणाली, “भाऊ, तू हळदीला ये. रेल्वेनं ये, लक्झरीनं ये, ट्रकमध्ये बसून ये, पन हळदीला ये. नवरदेवाकडचे वेळेचे पक्के आहेत. त्यांच्या गावानं ठराव केलाय, डीजे नाही, नाच नाही, मुहूर्तावर लग्न.”

“ठराव सगळीच गावं करतात, ताई,” मी हसून म्हणालो. “आपल्याकडे बाराचं लग्न कधी अडीचच्या आत लागलंय?”

“येशी ना भाऊ?” तिने विचारलं. अगदी जवळचं काही मागायचं असलं की ती अहिराणीवर येते. लहानपणी मला शाळेत सोडताना ती याच आवाजात बोलायची. मी म्हणालो, “येतो म्हटलं ना.”

संध्याकाळपर्यंत बातमी भाऊबंदांत पसरली होती. मेहुण्यांचा फोन आला, “मामासाहेब, विमान थेट आमच्या वावरात उतरवा. कपाशी निघून गेलीय, रान मोकळंच आहे. फक्त विहिरीकडं लक्ष ठेवायला सांगा ड्रायव्हरला.” मला ते आवडलं. खूप आवडलं. पुढचे कितीतरी दिवस जो भेटेल त्याला मी काहीतरी निमित्त काढून विमानाचं सांगत होतो.

बायको आणि मुलं हळदीच्या आधीच वापीहून रेल्वेने निघाली. साडी आम्ही दोघांनी मिळून सिल्वासाच्या बाजारात घेतली होती, पिवळीधमक, लाल काठाची. बॅग भरताना बायको म्हणाली, “साडी माझ्याजवळ द्या. मी नेते.”

“मामाने स्वतःच्या हाताने द्यायची असते.”

“हो, पण हात तिथे पोचायला पाहिजेत ना. मी नेते, तुम्ही आलात की तुमच्या हाताने द्या.”

किती सरळ बोलणं होतं! पण मला त्यात अविश्वास दिसला. मी साडीची पिशवी कपाटात ठेवली आणि कुलूप लावलं. स्वतःच्या घरात, स्वतःच्या बायकोसमोर. ती मुलाच्या डब्यात पुऱ्या भरत राहिली.

ऑडिटच्या पहिल्या दिवशी दुपारी तिकिटं काढणारा ऑफिसातला माणूस माझ्याकडे आला. “साहेब, सुरत-जळगाव डायरेक्ट काही दाखवत नाहीये. फिरून जायचं तर दुसऱ्या शहरात मुक्काम पडतो. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी पोचाल.”

मी त्याला घेऊन मॅनेजरकडे गेलो. त्यांनी पुन्हा फोन काढला, पुन्हा तेच पान उघडलं.

“अरे, ये देखो ना. वन अवर लिखा है.”

“सर, वो सिर्फ डिस्टन्स है. फ्लाइट नहीं है,” तिकिटवाला म्हणाला.

“फ्लाइट नहीं है तो टाइम कैसे लिखा है?”

त्यांना खरंच कळत नव्हतं. याचा मला आजही सगळ्यात जास्त राग येतो. ते मला फसवत नव्हते. काचेच्या केबिनमध्ये बसलेल्या माणसाला नकाशावर दोन ठिपके दिसले, मध्ये रेघ दिसली, की मधला मुलूख त्याच्यासाठी नसतोच. मध्ये डांगचं जंगल आहे, सातमाळ्याचे डोंगर आहेत, मालेगावचं ट्रॅफिक आहे, त्यात माणसं अडकतात, हे त्याला कोण सांगणार? मोठमोठे विमानतळ बांधतात, फिती कापतात, फोटो छापतात. आणि सुरतेहून खानदेशात जाणारा माणूस, त्याचे आजोबा रेल्वेच्या ज्या तापी लाइनने गेले, त्याच लाइनने आजही तसाच लटकत जातो. उड्डाणाचा वेळ एक तास! कावळ्याला विचारा, तोही सांगेल.

पण मी त्या दिवशी हे बोललो नाही. त्याच संध्याकाळी वापीहून गाडी पकडली असती तर हळद लागायच्या आत गावात असतो. मी तसं म्हणालोही, हळू आवाजात. मॅनेजर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “कल का दिन निकाल दो बस. तुम्हारे बिना क्वालिटी का जवाब कौन देगा? कल शाम को कंपनी की गाड़ी देता हूँ, एसी. सोते हुए जाओ.”

तुमच्याशिवाय कोण, हे ऐकलं की आमच्यासारख्या माणसाचं काय होतं ते मला माहीत आहे. मी पुन्हा “ठीक है सर” म्हणालो.

दुसऱ्या दिवशी ऑडिट लांबलं. पाहुण्यांनी एक लॉट पुन्हा तपासायला काढला. मग जेवण, मग भेटवस्तू, फोटो. शेवटी मी गाडी विचारायला गेलो, तेव्हा कळलं की गाडी पाहुण्यांना घेऊन मुंबई विमानतळावर गेली. त्यांचं खरंखुरं विमान होतं, ते चुकून चालणार नव्हतं. “सुबह तक आ जाएगी,” मॅनेजर म्हणाले आणि घरी गेले.

तेव्हाही मी नाक्यावर जाऊन मिळेल त्या वाहनाने नाशिक गाठू शकलो असतो. कोणी मला बांधून ठेवलं नव्हतं. पण मी मनाशी हिशोब केला, आपल्याकडचं लग्न, बारा म्हणजे अडीच, सकाळी निघालो तरी अक्षता मिळतील. पंचवीस वर्षं इकडे राहून मी गावाला असाच ओळखत होतो, त्याच्या आळसावर भरवसा ठेवून. बहिणीला फोन करून सांगितलं, “सकाळी येतोय.” विमान नाही, हे सांगितलं नाही. ती “बरं,” म्हणाली.

उजाडता उजाडता गाडी आली. ड्रायव्हर रात्रभर जागा होता. त्याला मागे झोपवून पहिल्या टप्प्याला मीच चालवली. वासोण्यावरून, खानवेलवरून घाटाला लागलो. बाजूच्या सीटवर साडीची पिशवी होती. नाशिकला पोचेपर्यंत मला धीर होता. नाशिकच्या पुढे ड्रायव्हर चालवायला बसला आणि मग एकेक फोन यायला लागला. मेहुणे, चुलतभाऊ, बायको. “विमान उतरलं का?” कोणीतरी विचारलं. मी म्हणालो, “मालेगावला आहे.” पलीकडे कोणाला तरी लांब ओरडून सांगितलेलं ऐकू आलं, “मालेगावला म्हनतो! रस्त्यानं येऊन राहिला!” पाठोपाठ हसण्याचा आवाज.

धुळ्याच्या अलीकडे बायकोचा पुन्हा फोन आला. ती बोलली नाही. मी “हॅलो, हॅलो” करत राहिलो. मग लक्षात आलं, तिने फोन नुसता हातात उंच धरला होता. पलीकडून माइकचा आवाज येत होता, फाटका, घुमणारा. मंगलाष्टकं सुरू होती. मुहूर्तावर. नवरदेवाच्या गावाने ठराव केला होता आणि तो पाळला होता. मी ड्रायव्हरला “जोरात घे” म्हणालो, जणू जोरात घेतल्याने काही होणार होतं. तो बिचारा म्हणाला, “सर, आगे ट्रक है.” शेवटचं ‘सावधान’ झालं, वाजंत्री वाजली, फोन बंद झाला. मी हातातला फोन डॅशबोर्डवर आपटला. काचेला तडा गेला. त्या क्षणी मला मॅनेजरचा, त्या पानाचा, कंपनीच्या गाडीचा, पुढच्या ट्रकचा, सगळ्यांचा राग आला होता. माझा स्वतःचा राग मला उशिरा आला, गावाची कमान दिसल्यावर.

मांडवात पंगती बसल्या होत्या. बहीण स्वयंपाकाच्या बाजूला उभी होती, नव्या लुगड्यात, घामाघूम. मी पिशवी पुढे केली आणि वाकून तिच्या पाया पडलो. ती मागे सरली नाही आणि तिने माझ्या डोक्यावर हातही ठेवला नाही. पिशवी घेतली आणि न उघडता शेजारी उभ्या असलेल्या माझ्या बायकोच्या हातात दिली.

“ठेवून दे. पोरीच्या अंगावर साडी आहे.”

मी मांडवाच्या टोकाला पाहिलं. भाची नवऱ्याशेजारी खुर्चीवर बसून आहेर घेत होती. पिवळी साडी, हिरवा काठ.

“कोणी आणली?” मी विचारलं.

“मी,” बहीण म्हणाली. “तू विमानाचं बोललास, त्याच आठवड्यात. इमानात बसनाऱ्या मान्साच्या भरवशावर पोरीला मांडवात उभी करू का?” मग तिने पदराने तोंड पुसलं आणि अगदी साध्या आवाजात, दारी आलेल्या कोणालाही म्हणावं तसं म्हणाली, “जेवी ले.”

मी पंगतीत जाऊन बसलो. मामा पंगतीत बसत नाही, मामा वाढतो, आग्रह करतो, नवरदेवाकडच्यांच्या पुढे पुढे करतो. माझ्या जागी आमचा एक चुलतभाऊ ते करत होता. त्याच्या डोक्यावर मानाची टोपी होती, खांद्यावर मानाचा टॉवेल. त्याने मला पाहिलं आणि नजर वळवली. बिचाऱ्याला माझ्यापेक्षा जास्त लाज वाटत होती.

माझ्या शेजारी नवरदेवाकडचे एक म्हातारे गृहस्थ बसले होते. बट्टी कुस्करत त्यांनी विचारलं, “तुम्ही कोनाकडचे?”

“मुलीकडचे.”

“कुठून आले?”

“सिल्वासाहून.”

“ते कुठं आलं?”

“वापीजवळ. गुजरातच्या बाजूला.”

“आरे बाप रे, लई लांब! आन तरी पोचले बघा तुम्ही,” ते कौतुकाने म्हणाले. “पोरीचा सख्खा मामा म्हने इमानानं येनार होता. त्योच नाही आला. इमान पंक्चर झालं असंल!” ते खोखो हसले. पलीकडचे दोघंही हसले. वाढपी वरण घेऊन आला, माझ्या ताटात ओतून पुढे गेला.

नाशिक सोडल्यापासून मी सगळं सांगायची तयारी करत आलो होतो. ऑडिट, फोनवरचं पान, तिकीट, मुंबईला गेलेली गाडी, सगळं क्रमाने, कोणाचं काय चुकलं ते. ते सगळं अजून तोंडात होतं. पण त्यातलं एकही वाक्य या माणसाला सांगण्यासारखं नव्हतं.

“मीच तो मामा,” मी म्हणालो.

म्हाताऱ्यांचा हात ताटावर थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पलीकडच्यांकडे पाहिलं. “आसं होय,” ते म्हणाले, आणि वाढप्याला हाक मारली, “ए, इकडं ये. मामांना तूप वाढ.”

मागून बहिणीचा आवाज आला. ती कधी तिथे येऊन उभी राहिली ते मला कळलं नव्हतं. “आता सांगून राहिला. भटजीनं माइकवरून तीनदा पुकारलं, मुलीच्या मामाने यावं, मुलीच्या मामाने यावं. पोरगी दर वेळी दाराकडं बघायची. तव्हा कुठं होता?”

मी वळून पाहिलं नाही. पंगतीतले लोक जेवायचे थांबले होते. वाढपी तुपाची लोटी घेऊन तसाच वाकून उभा होता आणि तूप ताटात पडत होतं, मी पुरे म्हणत नव्हतो.

आमच्या लग्नांत रुसणाऱ्याला मान असतो. मामा ताटावरून उठला, की चार माणसं धावतात, हाताला धरून बसवतात, नवरीची आई डोळ्यांत पाणी आणून विनवते. मला उठावंसं वाटलं. अगदी उठून चालतं व्हावं, कोणीतरी मागे यावं. पण त्यासाठी आधी मामा असावं लागतं. मी मान खाली घालून बट्टी वरणात कुस्करली आणि ताटात होतं ते सगळं संपवलं.